आजोबांचा गुरुवारचा पॉट

जर्मनीतलं कलोन शहर मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर बिअरचा पहिला ग्लास कुठे घ्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मोठं चर्च पाठीशी ठेवायचं आणि नदीच्या अंगाला चालायला लागायचं. पहिल्या पबात उभ्यानेच प्यायची. दुसऱ्यात लाकडी बाकावर, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून. तिसऱ्यात अर्धा कोंबडा मागवायचा आणि समोर राईचा पाव नि चीजचा जाड तुकडा आला तर भांडायचं नाही, तिथे त्यालाच अर्धा कोंबडा म्हणतात. चौथ्यातला वेटर टोमणे मारतो. कॉफी मागितली तर विचारतो, "आजारी आहेस का?"

हे मला आजोबांनी शिकवलं. आजोबा म्हणजे मेलबर्नजवळच्या वेरिबीतले माझे क्लायंट. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं सगळं बघणं हे माझं काम. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. तरुणपणी ते कलोनहून मेलबर्नला आले, गाड्यांच्या कारखान्यात राबले, इथेच बायको गेली, मुलगी दूर, दुसऱ्या शहरात, गुंगालिनला सरकारी नोकरीत. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. माझी जीभ वळेना, म्हणून मी आजोबा म्हणायचे. त्याचा अर्थ सांगितल्यावर खूश झाले होते.

माझी शाळा नववीत सुटली. शिफ्ट संपली की त्या दिवशीच्या कामाची फोनवर इंग्रजीत नोट लिहावी लागते, आणि पहिल्या आठवड्यात मी ती लिहिताना गाडीत बसून रडले होते. आजोबांनी खिडकीतून पाहिलं, आत बोलावलं. म्हणाले, "वाच मोठ्यानं. मीही इंग्रजी इथेच शिकलो, कारखान्यात. शिव्यांपासून सुरुवात केली." त्यानंतर वर्षभर माझी प्रत्येक नोट त्यांनी तपासली. ऑफिसला कधी कळलं नाही. हे उपकार मी विसरायचे नाहीत.

गुरुवारी दुपारी आम्ही पबला जायचो. माझा दत्ताचा उपास. नवरा चिडवायचा, "साताऱ्याला कळलं तर? घरची सून, गुरुवारी बारमध्ये!" मी लेमोनेड घ्यायचे. इथल्या पहिल्या पबात घोड्यांच्या शर्यतींचा टीव्ही बोंबलायचा, दुसऱ्यातलं श्नित्झेल, म्हणजे तळलेल्या मांसाचा चपटा तुकडा, त्यांना चपलेसारखं लागलं. नदीजवळचा तिसरा पटला, कारण तिथली बाई त्यांच्याशी उर्मट बोलायची. "ही आमच्याकडची वाटते," म्हणायचे. एक पॉट, म्हणजे इथला छोटा ग्लास. मोठ्या ग्लासात बिअर मरते, असं त्यांचं मत. तो एक पॉट संपेपर्यंत कलोनची अख्खी गल्ली फिरून व्हायची.

मग त्यांना पाणी पितानाही ठसका लागायला लागला. तपासणीत निघालं, गिळताना पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातोय. फ्रिजवर लाल अक्षरांचा कागद लागला: चहा, पाणी, सूप, सगळं पावडर घालून घट्ट करूनच द्यायचं. बाकीची फाईल टेबलावर होती. सात पानं. मी लाल कागद पाठ केला आणि फाईल उघडली नाही.

पुढच्या गुरुवारी पबात मी पर्समधून पावडरचा डबा काढला.

"काय करतेस?"

"घट्ट करायला लागेल, आजोबा."

"बिअर? अगं, मी सही केलीय. फाईल बघ."

मला वाटलं, काहीतरी सांगताहेत. क्लायंट असं म्हणतातच. ऑफिसला फोन करावा, तर ते विचारतील, फाईल वाचली नाहीस का? आणि ठसका लागून इथेच काही झालं तर? नोकरी तर जाईलच, पण माझ्या हातून माणूस गेला असं होईल. मी पावडर घातली. फेस उसळून टेबलभर झाला. ग्लासात खाली राहिली ती साबुदाण्याच्या पेजेसारखी, पिवळी, चमचा उभा राहील अशी.

आजोबांनी त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती काढून वर झाकली. मला वाटलं, माश्यांसाठी.

"आमच्याकडे असं झाकलं नाही तर वेटर भरत राहतो," ते म्हणाले. "झाकलं म्हणजे बास."

आपण ताटावर हात आडवा धरतो, तसं.

पुढचे तीन गुरुवार ते नाही म्हणाले. गुडघा दुखतो, वारा आहे, झोप येते. चौथ्या गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला. "डॅडना त्यांची बिअर मिळते ना? ते पान मी भांडून घालून घेतलंय." मी काहीतरी पुटपुटले आणि फाईल उघडली. बोट ठेवून वाचत गेले. सहावं पान. गुरुवारी एक पॉट साधी बिअर द्यावी, धोका मला समजावून सांगितला आहे, तो मला मान्य आहे. खाली त्यांची वेडीवाकडी सही.

मी धावत त्यांच्या खोलीत गेले. बोलायच्या आधी त्यांच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. "चला आजोबा. आज पावडर नाही. मी वाचलं. माझं चुकलं."

"नको," ते म्हणाले.

"का?"

"तू शेजारी बसून माझा घोट न् घोट मोजशील."

"नाही मोजणार."

"मोजशील, पोलिसासारखी. घाबरशील. मग मला तुझ्याकडेच बघत बसावं लागेल."

खरं सांगते, ते नको म्हणाले तेव्हा आधी मला हायसं वाटलं. क्षणभरच. पण ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ते हसले आणि बूट काढायला त्यांनी पाय पुढे केला.