स्वतःलाच हाकणारे भाऊजी

आमच्या थोरल्या दिरांइतका विश्रांतीचा वैरी अख्ख्या कसबा बावड्यात दुसरा झाला नसेल. लग्नाला पाहुणे म्हणून गेले तरी ते पंगतीत वाढायला लागायचे आणि मुलीच्या बापालाच सांगायचे, "पावणं, तुम्ही बसा की." घरात उभ्यानेच चहा प्यायचे. जाऊबाई म्हणायच्या, "ह्यांस्नी पाट नगो, दावं द्या." पण त्यांचा जीव खरा चंद्री म्हशीवर. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक पुढे मोटरसायकलवरून हाळी देत जातो आणि म्हैस मागे धावते. भाऊजींना मोटरसायकल कमीपणाची वाटायची. ते अनवाणी पळायचे आणि चंद्री त्यांच्या मागे.

मग त्यांना चिकनगुनिया झाला. ताप गेला, सूज उतरली, थकवा मात्र घरातच राहिला. धारेला बसले की चरवी अर्धी व्हायच्या आत हात गळायचे. रक्त तपासलं, काही सापडलं नाही. गल्लीने आपला अर्थ लावला, "सून आली नव्हं, आता कशाला राबतील?" मुलगा कारखान्यात कामाला, त्याला दोन्ही वेळची धार जमेना. तो म्हणाला, "दिवाळीपातूर तुमच्यानं धार निघाली न्हाय, तर म्हस इकायची." एखाद्या दिवशी जरा बरं वाटलं की भाऊजी वैरण कापायचे, गोठा धुवायचे, शेजाऱ्याचाही गोठा धुवायचे, आणि मग कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे.

जाऊबाईंचे गुडघे दुखतात म्हणून भाऊजींच्या सोबतीला दवाखान्यात मी जायची. दिरांपुढे मी बोलत नाही, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येतं. तिथे व्यायाम शिकवणारे एक डॉक्टर होते आणि मनाचं बघणाऱ्या एक तरुण मॅडम. मॅडमनी सांगितलं, बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही आणि थकलो म्हणून झोपून राहायचं नाही. ठरलेलं तेवढंच रोज करायचं, सावकाश वाढवायचं. 'आपण आता संपलो' असं वाटलं, तर ते खरं आहे का, हे मनाला विचारायचं.

"मनाला इच्यारायला ते काय दूध सोसायटीचं चेअरमन हाय?" भाऊजी म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "काका, म्हैस आजारातून उठली की लगेच पळवता का?"

"खुळा हाय व्हय मी? आधी दारापातूर न्यायची. मग गल्लीच्या तोंडाला. दमली नसली तरी मागं फिरवायची." बोलता बोलता ते थांबले. मग जरा रागानेच म्हणाले, "म्हंजे आता मला म्हस करतासा."

तेव्हापासून ते स्वतःलाच हाकू लागले. सकाळी गल्लीतून मोठ्याने ऐकू यायचं, "चल, चल. बास. फीर मागं." कुणी विचारलं की सांगायचे, "जनावर फिरवाय आणलंय." मनात काही वाईट आलं तर त्यालाही दटावायचे, "हितं शेण टाकू नगंस." जाऊबाईंना तेवढं लागलं. "येवढी वर्सं मी हाकत हुतो, तवा न्हाय ऐकलासा," त्या म्हणाल्या.

पावसाळा सरताना सकाळची धार पुरी निघू लागली. संध्याकाळची मुलाने आपल्याकडे घेतली, आणि म्हैस विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पाडव्याला मुलाने मोटरसायकल काढून हाळी दिली. चंद्री जागची हलली नाही. तेव्हा भाऊजी पुढे झाले आणि चालू लागले, आणि म्हैस त्यांच्या पावलाने मागे निघाली. लोक ओरडत होते, "पळवा की काका." त्या आठवड्यातली त्यांची हद्द चौकापर्यंत होती. चौकापलीकडे गर्दी होती, हलगी वाजत होती. ते थांबले. एक पाय पुढे गेलाही, मला चौकाच्या कडेवरून दिसला. मग त्यांनी चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच "बास, फीर मागं" म्हणाले असावेत, कारण ओठ हलले. दोघं माघारी फिरली. येताना भाऊजींनी एकदाही मागे पाहिलं नाही. म्हैस मात्र थांबून थांबून हलगीकडे बघत होती.