मेश्रामकाकांची खिडकी

अपडाउन करणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी वाढत जातात, कंबरदुखी आणि किस्से. भंडारा ते पवनी, सकाळची बस, रोज तेच चेहरे. कंबरदुखीवर डॉक्टर तरी आहे, किश्श्यांवर काहीच इलाज नाही. म्हणून सांगून टाकते.

आधी आमचा नियम ऐका. आमच्याकडे माणूस दारातून चढतो, पण जागा खिडकीतून पकडतो! गाडी स्टँडवर नीट थांबायच्या आत खालून सीटवर रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल, त्याची सीट.

हा नियम न पाळणारे एकटे मेश्रामकाका. पवनीच्या एका शाळेत शिपाई. "रुमालाचे काय पाय दुखतेत?" असं त्यांचं म्हणणं. बरं, चुकून जागा मिळाली तरी काकांकडे ती टिकायची नाही. कोणी उभं दिसलं की काका उठलेच!

"काय करू मॅडम, नजरेले पडलं का बसवत नाही," म्हणायचे. सगळी नोकरी दांडा धरून झाली. इच्छा एकच होती, रिटायर व्हायच्या आधी एकदा खिडकीत बसून थेट पवनीपर्यंत जायचं.

*

शेंडेबाई वाटेतल्या अड्याळला शिक्षिका. एकदा त्या रुमाल घरी विसरल्या आणि घाईत जेवणाचा डबाच खिडकीतून सीटवर ठेवला. दाराकडे धावत आल्या तर समोर पाटी, साकोली! बाई पाटी वाचेपर्यंत गाडी सुटली. बाई अड्याळला, डबा साकोलीला.

संध्याकाळी स्टँडवर त्या गाडीच्या कंडक्टरने डबा परत दिला. स्वच्छ घासून! वर म्हणाला, "बाई, वांग्याची भाजी एक नंबर होती. मीठ तेवढं कमी पडलं."

बाईंना भाजी गेल्याचं काही वाटलं नाही. पण मीठ कमी असतं हे त्यांचे मिस्टर रोज सांगत, आणि बाई रोज भांडत. आता साकोलीहूनही तोच रिपोर्ट आला!

*

एक साहेब नवीन बदलून आले होते, पुण्याकडचे. चार दिवसांत त्यांनीही रुमाल टाकायला शिकून घेतलं. पाचव्या दिवशी चढून बघतात तर त्यांच्या रुमालावर एक म्हातारी मांडी घालून बसलेली.

"आजी, इथे माझा रुमाल होता."

"हाये नं. खाली हाये, गेला नाही कोठी."

"अहो, म्हणजे ही जागा माझी आहे!"

आजीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "बापू, रुमालाची तं घडी करून खिशात ठेवशीन. माही घडी कशी करशीन?"

साहेब पवनीपर्यंत उभे. रुमाल आजीने उतरताना दिला, तोही नीट घडी करून.

*

आमच्या ऑफिसातले बावनकर. यायला उशीर झाला की आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली बस, तिच्यापुढे केविलवाणे बावनकर, मागे हिरवंगार धान. फोटो खरा होता, फक्त एकदाच काढलेला होता!

मे महिन्यात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बावनकर, या उन्हात शेतात धान कुठून आलं?"

"उन्हाळी धान आहे सर!" बावनकर असे हार जाणाऱ्यातले नव्हेत.

"बरं. आणि अंगात स्वेटर?"

*

मग मेश्रामकाकांचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. काकांना खिडकी मिळालीच पाहिजे, असं आम्हा प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. घोळ असा झाला की प्रत्येकाने ते मनातच ठेवलं! गाडी लागताच मी एका खिडकीत रुमाल टाकला, शेंडेबाईंनी दुसरीत, बावनकरांनी तिसरीत, बाकीच्यांनी उरलेल्यांत. आत येऊन बघतो तर डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्या रिकाम्या आणि मध्ये माणसांची ही गर्दी!

"हे जागा कोणाची?"

"मेश्रामकाकांची."

"अन् हे?"

"तीही काकांचीच."

"काहून, बुढा आडवा होऊन जाते का पवनीले?"

असं भांडण पेटलं की काकाच मध्ये पडले. स्वतःच्या हाताने एकेक रुमाल उचलला, एकेकाला बसवलं आणि आमचे रुमाल आम्हाला परत केले. शेवटचा प्रवासही दांडा धरूनच झाला. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी चढले तर पुढच्या खिडकीत काका! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर स्वतःचा चौकड्याचा रुमाल. चक्क टाकला होता!

"काका, पवनीला काय काम?"

"काम काहीच नाही. जातो अन् याच गाडीनं पलटून येतो."

मी त्यांच्या शेजारीच बसले. वाटेत पहेल्याला एक आजी टोपली घेऊन चढली आणि नेमकी आमच्यापाशी येऊन उभी राहिली. सगळी गाडी काकांकडे बघू लागली. काकांनी पटकन डोळे गच्च मिटून घेतले. मी उठून आजीला जागा दिली, तरी डोळे मिटलेलेच. अड्याळला गर्दी वाढली, काकांनी डोळ्यांवर रुमाल ओढला. तो थेट पवनीला काढला.

उतरताना मी विचारलं, "मग काका, खिडकीतून काय काय दिसलं?"

"काहीच नाही मॅडम," काका म्हणाले. "उद्या पुन्हा या लागते!"