करवंटीचा कौल

देवीवर मी रागावले होते आणि ते तिला तोंडावर सांगितलंही. मुलगा लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा तिला बोलले होते, पोर वाचव, हयात आहे तोवर दर शुक्रवारी अनवाणी तुझ्या दारी येईन. पोर वाचलं, मीही शब्द पाळला. आणि त्याच वाटेवर, करमाळ्याकडच्या आमच्या गावात, साखरेनं बधिर झालेल्या माझ्या पायाला जखम झाली नि मला कळलीसुद्धा नाही. सोलापूरच्या दवाखान्यात करंगळी काढावी लागली. ज्या पायानं तुझ्याकडे येत होते तोच पाय तुला सापडला का, हा माझा सवाल होता. आजही तो मला गैर वाटत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर माझ्या खाटेवर येऊन बसल्या. सूनबाईला शेजारी घेऊन त्यांनी तळवा आरशात कसा बघायचा ते दाखवलं, खुर्चीत बसून टाचा उचलायचा व्यायाम माझ्याकडून करवून घेतला, जखम भरल्यावर रोज चालायचं म्हणून बजावलं. मग म्हणाल्या, "पण अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही, आजी. पुन्हा जखम झाली तर पाय वाचवणं अवघड आहे."

"शुक्रवारी जमायचं न्हाय," मी म्हटलं. "नवस हाय माजा. मोडला आन् पोराला काय झालं, तर तुमी येनार हाय का?"

मुलगा लाजून खिडकीकडे बघायला लागला. सिस्टर मात्र चिडल्या नाहीत. "नवस जिला बोललात, तिलाच विचारा की," एवढंच म्हणाल्या.

म्हणून जखम भरल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी कौल लावायला गेले. आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मुलानं गाडीवरून आणलं, पण देवळाच्या आवारात मी हट्टानं चप्पल काढली. पायरीशी उभं राहून विचारलं, बूट घालून येत जाऊ का? दोन्ही फुलं जागची हलेनात. मागे रांग खोळंबली, बायका कुजबुजायला लागल्या. माझा तोल सुटला. "आई, व्हय म्हन न्हायतर न्हाय म्हन! न्हायतर सगळा पायच ठिवून घे!" भर देवळात मी ओरडले.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. "मावशी, हलू नगा. पायाखाली रगात हाय की!"

खाली बघितलं तर फोडलेल्या नारळाची करवंटी त्याच पायाच्या टाचेत रुतली होती, आणि तिच्यावर सगळा भार देऊन मी देवीशी भांडत होते. मला काहीच जाणवलं नव्हतं. त्या अनोळखी बाईनं मला बसवलं, बाटलीतल्या पाण्यानं टाच धुतली, पिशवीतला धुतलेला पंचा फाडून बांधला आणि मुलाला हाका मारून मला लगेच दवाखान्यात धाडलं. जखम खोल गेली नव्हती. पाय राहिला.

ती बाई उजनीकाठच्या गावातली, बाजारात मासे विकते. पुढे तिथं भेटली तेव्हा तिला आईचं रूप म्हणायला गेले तर म्हणाली, "रूप कसलं, चिलापी घ्या, ताजी हाय." भाव मात्र तसूभर कमी केला नाही.

फूल त्या दिवशी शेवटपर्यंत पडलंच नाही, असं गुरव सांगतो. मला मात्र उत्तर मिळालं होतं. आता देवळासाठी वेगळे कापडी बूट आहेत. एरवीचे घालून मी रोज चालते आणि शुक्रवारी हे घालून थेट पायरीपर्यंत जाते. पोराची काळजी अजून वाटते. ती आईच्या ओटीत टाकली आहे, आणि तिनं माझं एवढं वेडंवाकडं बोलणं पोटात घातलं, याबद्दल तिच्यापुढे रोज हात जोडते.

"आईच्या दारात बूट?" असं कुणी विचारतंच. मी सांगते, हा पाय तिला वाहिलेला आहे. तिची वस्तू मी पुन्हा करवंटीवर टाकणार नाही. ज्याला पटत नसेल त्यानं तिच्याशी भांडावं. माझं भांडून झालंय.