आमची दादा न्यायला येते

आमच्या दादाचं नाव याप आ-ग्योक. वय त्रेसष्ट. बाईमाणूस. केस मशीननं बारीक कापलेले, गालात सुपारी, आणि चाळीस वर्षं गॅसच्या टाक्या वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला. तिच्या पिढीतल्या, पुरुषी राहणाऱ्या बायकांना तैवानातल्या आमच्या ताइनानमध्ये आपली माणसं दादाच म्हणतात. ‘आमची दादा आली’ असं म्हणताना इथे कुणाची जीभ अडखळत नाही.

ती आमचं केंद्र चालवते. पाटीवर नाव आहे ‘पाठीमागचं घर’. आमच्या बोलीत माहेराला हाच शब्द आहे. केंद्र सुरू झालं ते दादाच्या गॅसच्या दुकानामागच्या खोलीत, म्हणून आधी ती थट्टा होती, पुढे तीच पाटी झाली. आता दुकान बंद आहे आणि अख्खा तळमजला आमचा. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, जन्माच्या दाखल्यावर एक आणि आरशात दुसरं दिसणारे, आणि अजून काहीच न ठरवलेले. गुरुवारी रक्ततपासणी, शनिवारी म्हाताऱ्यांचं गाणं, बाकीच्या वारी कुणीही, कशासाठीही. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्न करता येऊ लागल्यापासून नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून दादानं एक्केचाळीस जोडप्यांसाठी सही केलीय.

“सही वाईट आहे माझी, पण एकूण एक लग्न टिकलंय,” ती सांगते.

“एकोणचाळीस,” आतून बुन-ह्योंग म्हणते.

बुन-ह्योंग म्हणजे केंद्राचा दुसरा खांब. नगरपालिकेत पुरुषाच्या नावानं नोकरीला लागली आणि बाईच्या नावानं निवृत्त झाली. मधले सगळे अर्ज तिनं स्वतः भरले, काही स्वतःच्याच टेबलावर स्वतःच स्वीकारले. दादा माणसं आणते, बुन-ह्योंग त्यांचे कागद सरळ करते. दोघी दिवसभर भांडतात. मी इथे सहा वर्षं आहे. त्यांचं एकमत झालेलं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा डासांच्या बाबतीत.

चांद्र नव्या वर्षाचा दुसरा दिवस मात्र दादाचा. त्या दिवशी लग्न झालेल्या मुली नवऱ्याला घेऊन माहेरी येतात. जुनी रीत अशी, की मुलीनं आपल्या पायानं यायचं नाही. भावानं तिच्या घरी जायचं, तिला घेऊन यायचं. हल्ली भाऊ फोन करतात आणि बहिणी गाडी काढतात. ती रीत आता पाळते ती आमची मुराळी, याप आ-ग्योक.

हे सुरू कसं झालं, तर पहिल्या वर्षी तिनं दुसऱ्या दिवसाचं जेवण ठेवलं, बारा जणांना सांगितलं आणि चार आले. पाचवा, इस्पितळात रोग्यांची उस्तवार करणारा आ-सिन, समोरच्या सुपारीवाल्याच्या टपरीपाशी स्कूटरवर बसून होता. एक तास, दोन तास. शेवटी दादा रस्ता ओलांडून गेली.

“आत का येत नाहीस? भात निवला.”

“न्यायला कुणी आलं नाही, दादा. माहेरी असं आपलं आपण कसं जायचं?”

तो गमतीनं म्हणाला होता. दादानं ती गंमत म्हणून घेतली नाही. तिनं त्याला घरी परत पाठवलं. पाठोपाठ स्कूटर काढली, त्याच्या दाराशी जाऊन हाक मारली आणि त्याला मागे बसवून घेऊन आली. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आपल्या पायानं कुणी येत नाही. सकाळी सहापासून दादाच्या फेऱ्या सुरू होतात.

न्यायच्या दोन तऱ्हा. ज्यांच्या घरी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी काळं हेल्मेट, काळ्या काचेचं. दादा मागच्या गल्लीत थांबते, कुणी हटकलं तर “टाकी बदलायला आलेय” म्हणते, आणि तिच्याकडे बघून कुणालाही ते खरं वाटतं. दुसरं हेल्मेट लाल. ते घ्यायचं म्हटलं की दादा पुढच्या दारात उभी राहते, हातात शेंगदाण्याच्या वड्यांचे दोन डबे, कारण पाहुण्यानं जोडीनं न्यायचं असतं, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते की घरच्या माणसाला न्यायला आलेय. काळं की लाल, हे येणाऱ्यानं ठरवायचं. दादा सुचवत नाही. ती विचारते, लिहून घेते आणि पुढच्याला फोन लावते.

लान-एंग बाई अकरा वर्षं काळं हेल्मेट घेत होत्या.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शहराबाहेर खाडीकाठच्या गावात थोरल्या भावाच्या घरात राहतात, माजघराच्या वरच्या खोलीत. त्यांची मैत्रीण सात वर्षांमागे गेली. अंत्यविधीला बाई ‘शाळेतल्या सहकारी’ म्हणून मागच्या रांगेत बसल्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलं ते आमच्या फळ्यावरच्या सूचनेतली चूक लाल खडूनं दुरुस्त करता करता, पाठ माझ्याकडे ठेवून.

यंदा दादानं फोन केला. “बाई, दुसऱ्या दिवशी किती वाजता? काळं घेऊन येते.”

“दहाला,” बाई म्हणाल्या. “आणि लाल.”

दादानं पेन्सिल थांबवली. “परत सांगा.”

“लाल. ल, आ, ल.”

दोन दिवसांनी केंद्रात भावाचा फोन आला. थियाम-होक, मासे पाळणारा, गावात मान असलेला माणूस. बाईंनी त्याला स्वतःच सांगितलं होतं, सगळं, जेवताना.

“आमच्याकडे टाकी मागवलेली नाही,” तो म्हणाला.

“टाकी नाही, बाई न्यायची आहे,” दादा म्हणाली.

“दुसऱ्या दिवशी माझ्या मुली येतात. जावई येतात. त्यांच्यासमोर तुम्ही दारात आलात, तर तिनं त्या दारातून परत आत यायचं नाही. तिला सांगितलंय, तुम्हालाही सांगतो.”

फोन ठेवल्यावर बुन-ह्योंगनं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा बाकीचे हातातलं काम ठेवतात.

“घर त्याच्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी लाल हेल्मेट, तिसऱ्या दिवशी रस्त्यावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तू स्कूटर वळवून येशील दादा, तिनं कुठे वळायचं?”

“माझ्या दुकानावरची खोली रिकामी आहे.”

“वरची खोली गळते.”

“पाऊस मे महिन्यात.”

“हे उत्तर झालं?”

“मेपर्यंत झालं.” मग दादानं सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. “परत विचारते तिला. नको म्हणाली तर काळं नेते, अजिबातच नको म्हणाली तर डबा पाठवते.”

तिनं फोन स्पीकरवर टाकला. भाऊ काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. खोली गळते हेही सांगितलं.

पलीकडे नळ वाहत असल्याचा आवाज होता. तो बंद झाला.

“याप बाई, वर्गात एखाद्यानं उत्तर बरोबर दिलं की मी त्याला तेच पुन्हा विचारत नसे,” लान-एंग बाई म्हणाल्या. “तो घाबरून बदलतो.” आणि फोन ठेवला.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही गावात शिरलो. दादा पुढे, मागची सीट मोकळी. मी माझ्या स्कूटरवर मागे, पायांत वड्यांचे डबे. कालवांच्या शिंपल्यांचे ढीग उन्हात वाळत होते आणि त्यांचा वास नव्या कपड्यांतल्या लोकांनाही सोडत नव्हता. थियाम-होकच्या अंगणात दोन चकचकीत गाड्या होत्या. जावई आलेले होते. तो स्वतः फाटकात उभा होता, नव्या जाकिटात, हात मागे बांधून. मला वाटलं होतं माणूस राक्षसासारखा असेल. त्याच्या जाकिटाच्या बाहीला किमतीचं लेबल तसंच लटकत होतं.

दादानं हेल्मेट काढलं, डबे माझ्याकडून घेतले. “नववर्षाच्या शुभेच्छा. बहिणीला न्यायला आलेय.”

“कुणाच्या बहिणीला?”

“माझ्या.”

“हळू बोला.”

“लाल हेल्मेटात हळू बोलता येत नाही. नियम आहे आमचा.”

दिवाणखान्यातला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

“हे बघा,” थियाम-होक म्हणाला, “रीत सांगायला आलात ना, तर पुरी शिकून या. तिचं लग्न झालेलं नाही. लग्न न झालेल्या बाईचं माहेर हेच. माहेराहून माहेरी कुणी नेतं का?”

मला वाटलं, इथे अडलो. मुद्दा त्याचा बरोबर होता. दादानं मान कलती करून त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. सोफ्यावर त्याच्या दोन मुली, दोन जावई, मध्ये संत्र्यांचा ढीग.

“आत बसलंय ते कोण?”

“माझ्या मुली. सांगितलं ना.”

“माहेरी आल्यात, म्हणून बसल्यात. बरोबर. आजच्या दिवशी माहेरी मुलीनं काडी उचलायची नसते.” दादानं कान टवकारला. घराच्या मागून भांड्यांचा आवाज येत होता. “आणि मागे घासतंय ते कोण?”

थियाम-होकनं मागे वळून पाहिलं.

“हे तिचं माहेर असेल तर तिला आणून सोफ्यावर बसवा. मी हे डबे ठेवते, एक संत्रं खाते आणि परत जाते. खरंच जाते.”

“तिला कामाची सवय आहे. कुणी सांगत नाही तिला.”

“तीस वर्षांत कुणी ‘बस’ म्हणून तरी सांगितलं?”

“तुम्हाला काय अधिकार? न्यायला भाऊ येतो. बाई येत नाही.”

“मला तिकडे सगळे दादा म्हणतात.”

“मला इथे लोक राजे म्हणतात, पत्त्यांच्या अड्ड्यावर. झालो का मी राजा?”

सोफ्यावरचा धाकटा जावई हसला आणि बायकोनं पाहिल्यावर थांबला. दादाही हसली. “नाही झालात. पण दहा जणांना त्यांच्या दारातून आणायला जा, शिव्या खा, पुढच्या वर्षी परत जा. मग राजे नाही, पण दादा होता येतं.”

तेवढ्यात लान-एंग बाई मागून आल्या. अंगावर गडद निळा कोट, वर ओला एप्रन. दिवाणखान्यातून चालत आल्या, सगळ्यांच्या मधून, आणि उंबऱ्यावर थांबल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी एप्रनची गाठ सोडली. ती ओली होती, लवकर सुटेना. कुणी मदतीला आलं नाही, दादाही नाही. गाठ सुटल्यावर त्यांनी एप्रनची व्यवस्थित घडी घातली.

“आत्या, भांडी?” थोरल्या भाचीनं विचारलं. तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

“दोन जावई आहेत, हात चार,” बाई म्हणाल्या, दोन पावलं मागे गेल्या आणि घडी तिच्या मांडीवर ठेवली.

थियाम-होक फाटकाच्या मधोमध होता. तो हलला नाही. आता त्याचा आवाजही हळू झाला होता.

“लान-एंग, मी बोललोय ते खरं करीन. संध्याकाळी दार बंद असेल.”

“बंद असलं तर वाजवीन. उघडेपर्यंत. गावाला ऐकू जाईल, आणि गाव विचारेल की बाई बाहेर का. तू सांग त्यांना काय सांगायचं ते. मला आता सांगायला काही अडचण नाही.”

मग त्या पुढे झाल्या आणि अगदी साध्या आवाजात, रोज बाजारात जाताना म्हणत असतील तसं म्हणाल्या, “येते, दादा.”

दोघंही एकदम “हं” म्हणाले. तो आणि ही. थियाम-होकनं आधी बहिणीकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला जे निरोपाचं वाटलं, ते दुसऱ्या कुणाला होकाराचं वाटलंय. बाईंनी दोघांपैकी कुणाकडे पाहिलं ते मी नीट पाहिलं नाही. मी त्याच्या पायांकडे पाहत होते. उजवा पाय मागे सरकला. फाटकात एका माणसापुरती वाट झाली.

दादानं डबे त्याच्या हातात दिले. त्यानं ते घेतले, कारण समोर आलेला डबा घ्यायचा असतो, हातांना तेवढंच ठाऊक होतं.

बाई मागे बसल्या. दादानं लाल हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवून पट्टा लावला आणि स्कूटर गल्लीकडे वळवली. शिंपल्यांच्या ढिगांमागून मुख्य रस्त्याला लागणारी गल्ली, अकरा वर्षं याच वाटेनं न्यायची सवय.

“इकडून नको,” बाई म्हणाल्या. “देवळासमोरून घ्या.”

“ती वाट लांबची आहे, बाई.”

“माहीत आहे मला. गणित शिकवलंय मी.”

देवळासमोर सगळं गाव उन्हाला बसलं होतं. निखाऱ्यांवर कालवं भाजत होती, बाकांवर पत्ते पडले होते. त्यातल्या अर्ध्या लोकांना बाईंनी पाढे शिकवलेले. एकेक मान वर झाली. बाईंनी हेल्मेटची काच वर केली, आणि एकेकाला नावानं नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, हजेरी घ्यावी तशा क्रमानं. दादानं वेग इतका कमी ठेवला होता की स्कूटर डुलत होती.

“बाई, कुठे निघालात?” कालवं भाजणाऱ्या एकानं विचारलं.

“माहेरी.”

तो चिमटा हातात धरून राहिला. त्याला पुढचा प्रश्न सुचेपर्यंत दादाची स्कूटर वडाला वळसा घालून गेली होती, म्हणून तो त्यानं मला विचारला. “काय हो, ती गाडी चालवणारी बाई कोण त्यांची?”

“भाऊ,” मी म्हणाले, आणि गाडी थांबवली नाही.