शिनाणे आणि तिसरी सही

मोहनराव गेल्याचा फोन नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात सकाळी दहाला आला. मी त्यांच्या पत्नीला, वसुधाताईंना, विचारलं, “कुणाकुणाला कळवायचं राहिलंय?” आणि यादी करायला घेतली. मला तेवढंच येतं.

मोहनराव आमच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, मूळचे रत्नागिरीचे. मी तिथली हेडक्लार्क. शिनाणे हा त्यांचा विषय. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकांना चिवट धाग्यांनी धरून बसणारे, हिरव्या कडेचे ते शिंपले. “बाई, याला नाही म्हणता येत नाही,” ते म्हणत. “येईल ते पाणी गाळायचं, उरेल ते अंगात ठेवायचं... तुमच्यासारखंच.” त्सुनामीच्या आदल्या वर्षी शहराच्या उत्तरेला, खाडीच्या मुखाशी काढलेल्या शिनाण्यांत त्यांना शिसं सापडलं. तिथल्या तमिळ कोळणी तेच विकत आणि घरीही तेच शिजवत. अहवाल हाती असता, तर त्या सरकारकडे शिनाणे काढायला दुसरी, स्वच्छ जागा मागू शकल्या असत्या.

अहवालावर तीन सह्या लागत. तिसरी संचालकांची, आणि ते नुसतं “बघू” म्हणत. अपुऱ्या सह्यांचा कागद मी कधी बाहेर जाऊ दिला नाही, याचा मला अभिमान होता. दर सोमवारी मोहनराव टेबलाशी येत.

“बाई, माझे शिनाणे निघाले?”

“सही नाही.”

“मग शिक्का मारून एक झेरॉक्स द्या. त्या बायकांना देतो.”

“नियमात बसत नाही, मोहनराव.”

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी शाल-श्रीफळ पुढे केलं.

शोकसभेत त्याच संचालकांनी त्यांच्या ‘मोलाच्या अहवाला’चं कौतुक केलं. अहवाल तेव्हा माझ्या कपाटात होता... मी चहाचं बघत होते.

गेल्या रविवारी वेस्ट मांबलमला वसुधाताईंकडे गेले. मोहनरावांच्या खोलीत कॅलेंडरवर मोठ्या ओहोटीच्या तारखांना गोल केलेले दिसले. “निवृत्तीनंतरही जात होते हो खाडीवर,” ताई म्हणाल्या. “म्हणायचे, तोंडी तरी सांगतो. पण त्या अक्का म्हणायच्या, सार, तुमच्या सांगण्यावर कोण आम्हाला जागा देणार? शिक्क्याचा कागद आणा.”

मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक गोलाखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात दोनच शब्द : कागद मागतात. ते गेले त्याच्या आधीच्या मंगळवारपर्यंत. त्यापुढचे गोल रिकामे आहेत. ओहोट्या मात्र त्यांनी वर्षअखेरपर्यंत आखून ठेवल्या आहेत.