स्वारी आणि सवारी

मंगळवारी सकाळी हे अंगणात गाडी पुसत होते. फडकं बॉनेटवर ठेवून पायरीवर बसले. शेजाऱ्यांनी गाडी चालवली. दवाखान्यात पोचलो तेव्हा हे गेले होते.

गाडी ह्यांचीच. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअर्समधून निवृत्त झाल्यावर घेतलेली. सात जणांची, डिझेलवर चालणारी, पांढरी. बंपर काळेच, सीटा रेक्झिनच्या, मागच्या काचा हाताने फिरवायच्या. शोरूममधला मुलगा आम्हाला ती दाखवायलाच तयार नव्हता.

"अंकल, ये तो ट्रॅव्हल्सवाले ले जाते हैं. फॅमिली के लिए दूसरी देखिए."

"फॅमिली ही तो बढ़ानी है, बेटा," हे म्हणाले.

मुलगा खाली बघू लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

पिवळी नंबरपाटी लागली आणि गाडी रसमड्याच्या एका कारखान्याच्या कामाला लागली. रिसालीतून सकाळच्या पाळीची माणसं न्यायची, संध्याकाळी आणायची. हे त्यांना 'सवारी' म्हणत, इथे रायपूरकडे सगळेच म्हणतात तसं. माझ्या माहेरी, अमरावतीला, बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. 'आमची स्वारी' म्हणे. ती सवय मी इथे घेऊन आले होते. एकदा शेजारणीला मी सांगितलं, आमची स्वारी अजून आली नाही. तिला मराठी जेमतेम कळे. तिने काळजीने विचारलं, "कौन सी सवारी, दीदी? कहाँ जाना है उनको?" हे ऐकून ह्यांना इतका आनंद झाला की त्यानंतर रोज निघताना दारातून सांगत, "तुही स्वारी चालली वं, सवारी घ्यायले."

मला त्या गाडीत पुढे बसायचं होतं. एवढीच इच्छा होती, पण ती पुरी होईना. ह्यांचा नियम होता की पुढची सीट सवारीतल्या सगळ्यांत वयस्क माणसाची. घरची माणसं निघाली तरी नियम तोच. नागपूरला लग्नाला जाताना पुढे ह्यांचे मामा, मधे नणंदा, आणि मी शेवटच्या सीटवर, गुडघे हनुवटीला टेकवून, मांडीवर आहेराची पिशवी.

"तुले पुढं कावून बसायचं हाये?" हे विचारत. "रस्ता तं मांगूनही दिसते."

"मांगून तुमची मान दिसते फक्त."

"मंग मान पाह्य. चांगली हाये."

एका रविवारी आम्ही दोघंच रायपूरला निघालो. मला पुस्तकं घ्यायची होती. मी पुढे बसले. बोलण्यासारखं फार काही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नसतंच. हे गिअर बदलत, मी बाहेर पाहत होते. कुम्हारीला स्टॉपवर माणसं उभी होती. पिवळी पाटी पाहून त्यांनी हात केला आणि ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बस निघून गेली होती म्हणे. एक म्हातारी होती, तिचे गुडघे दुखत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उतरले आणि मागे गेले.

"आपली सवारी नाही ना आज?" मी मागून म्हटलं.

"सवारी नाही, लोकं हायेत," हे म्हणाले. "पैसे घेतो का मी?"

तेव्हाच लक्षात आलं, हे आरशातून माझ्याकडे पाहत होते. शेवटची सवारी नीट बसली का ते दिसावं म्हणून आतला आरसा ह्यांनी जरा तिरपा ठेवलेला असे. मला त्यात ह्यांचे डोळे आणि भुवया दिसत. रायपूरपर्यंत आम्ही तसे गेलो. म्हातारी आपल्या नातवाचं काहीबाही सांगत होती, हे "हौ, हौ" करत होते आणि मधूनमधून आरशात बघत होते. त्यानंतर मी पुढच्या सीटचा विषय काढला नाही.

त्या मंगळवारी हे मधल्या सीटवर आडवे होते, डोकं माझ्या मांडीवर. शेजाऱ्यांनी घाईत ना सीट सरकवली, ना आरशाला हात लावला. स्वतःच्या गाडीत ह्यांनी चाक कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. त्या दिवशी हे पहिल्यांदाच सवारी झाले.

मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "आई, डिझेल गाडी उभी राहून खराब होते. देऊन टाक ना. कोणासाठी ठेवून राहिली?" त्याचं बरोबर आहे. मी हो म्हटलं. त्यानेच कुणाला सांगितलं असावं, एक ट्रॅव्हल्सवाले गृहस्थ गाडी पाहायला आले. भले होते. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायले. मग चाकामागे बसले, सीट पुढे ओढली, आणि हात वर करून आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला. कुणीही चालवणारा हेच करील.

मी म्हटलं, "भैया, रहने दीजिए. अभी नहीं देनी है."

"कुछ गलती हो गई, माताजी?"

"नहीं. आपकी नहीं."

ते गेल्यावर मी मागे जाऊन बसले. आरशात छत दिसत होतं. पूर्वी तो नेमका किती तिरपा असे, हे मला सांगता येत नाही. तो ह्यांच्या डोळ्यांच्या अंदाजाने लावलेला होता. म्हणून मी त्याला हात लावलेला नाही.

गाडी अंगणात आहे. पुढची सीट रिकामी असते. संध्याकाळी उजेड आहे तोवर मी मागे बसून वाचते.