केशरी आकाश आणि काळं शेत

मंडळी, आज संध्याकाळी बेलवलीला शेजारच्या पार्वतीबाईंच्या शेतावर गेले होते. शेत बिल्डरला विकलंय, उद्या सकाळी जेसीबी येणार. त्याआधी त्यांना शेताचा एक फोटो हवा होता, नव्या फ्लॅटमध्ये लावायला.

तुम्ही या फोटोग्राफीच्या ग्रुपवर शिकवता तसंच केलं. चौकटीत क्षितिज खाली ठेवलं, आकाशाचा रंग नीट यावा म्हणून उजेड आकाशावर मोजला. सूर्य बुडाल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना फोटो दाखवला. आकाश झकास केशरी, खाली सगळं काळं ठिक्कर.

"बाय, सूर्य काय, उद्या पन दिसंल," त्या म्हणाल्या. "माझा शेत कुठं हाय यात?"

दुसरा काढायला उजेडच उरला नव्हता.

इथे रोज सूर्यास्तांना वाहवा मिळते. ज्याला जमिनीचाच फोटो हवाय, त्याच्यासाठी काय नियम आहे तुमचा?